मल्लेशमला ऐकू न आलेला 'अप'

"मल्लेशम, अप!" मी लाइनवरून तिसऱ्यांदा ओरडलो. तो हलला नाही आणि गोल बसला.

मल्लेशम आमच्या गिरणीच्या फुटबॉल टीमचा स्टॉपर, म्हणजे बचावातला मधला माणूस. 'अप' म्हटलं की मागची सगळी फळी एकदम पुढे सरकते. समोरचा फॉरवर्ड तिच्या मागे एकटा सापडतो आणि ऑफसाईड ठरतो. एक जण जरी जागेवर राहिला तरी डाव फसतो. आमच्यात तो एक जण नेहमी मल्लेशमच असायचा.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मुंबईत एका कंपनीकडून खेळताना माझा गुडघा गेला, आणि मी सोलापुरात कोच म्हणून आलो. आवाज तेवढा शाबूत होता. त्याचा मला फार अभिमान.

"माणूस मुद्दाम ऐकत नाही," मी लेबर ऑफिसरना सांगितलं.

"मग काढा त्याला टीममधून. शनिवारी पोलिसांशी मॅच आहे."

काढायचं तर तोंडावर सांगावं, म्हणून मी विणाई खात्यात गेलो. तिथे मागांच्या खडखडाटात मला माझाच आवाज ऐकू येईना. मल्लेशम चार माग सांभाळत होता, नजर सारखी फिरती. पलीकडच्या टोकाच्या माणसाने हाताने काहीतरी खूण केली. मल्लेशमने खुणेनेच उत्तर दिलं. दोघं माझ्याकडे बघून हसले.

खात्याचे जॉबर, म्हणजे मुकादम, मंद्रूपचे एक म्हातारे गृहस्थ होते; ते मला दाराबाहेर घेऊन आले. "सायेब, हितं वरडून उपेग न्हाय. समदं हातानं चालतंय. इतक्या वर्सांत कान बी जातोय की."

"मग त्यानं सांगितलं का नाही?"

"कान ग्येला म्हनलं तर टीममदनं काढाल की. लई जीव हाय त्याचा फुटबॉलवर."

मला माझीच लाज वाटली. काढायला गेलो होतो ते तसाच परतलो.

संध्याकाळी मैदानावर मल्लेशमला समोर उभं करून विचारलं, "माग थांबवायची खूण कोणती?" त्याने मूठ वर केली.

"आजपासून हाच आपला अप."

"एवढंच की सर? आधीच सांगायचं की."

शनिवारी आम्ही एका गोलने पुढे होतो. शेवटच्या मिनिटांत पोलिसांचा फॉरवर्ड पुढे घुसला. मी मूठ वर केली. मल्लेशमची नजर सवयीने माझ्यावरून फिरलीच. तो पुढे सरकला, त्याच्याबरोबर सगळी फळी. पुढच्याच क्षणी पास आला. बॉल जाळ्यात गेला, पण लाइन्समनचा झेंडा वर होता. त्या मुठीएवढी सुंदर आरोळी मी जन्मात ठोकली नाही.

"घसा बसला का हो आज?" लेबर ऑफिसरनी विचारलं.

खेळाडू ऐकत नाही असं वाटलं, तर तो दिवसभर कुठे उभा असतो ते कोचने आधी बघून यावं. मी ते उशिरा शिकलो.

त्या दिवशी खात्यात काय हसत होतात, हे मी मल्लेशमला नंतर विचारलं. त्याने तोंडासमोर हात धरून बोटं भराभर उघडमीट केली.

"ही तुमची खूण, सर."

"आता तरी बदला की."

"न्हाय सर. सगळ्या खात्याला पाठ झालीय."

रिटायर होईपर्यंत गिरणीत माझं नाव तेच राहिलं.