दाजींचं 'काहून'

आमच्या दाजींशी भांडण न झालेला माणूस वसमतात कोणी दाखवला, तर तो मुका असेल, नाही तर कालच बदली होऊन आलेला असेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे नवरे. मीही त्यांच्यावर रागावलेली आहे, आणि सुरतेला येऊन इतकी वर्षं झाली तरी राग पुरता उतरलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. माझी शाळा पाचवीत सुटली. साखरा या आमच्या गावाहून मला अक्काकडे वसमतला आणलं ते कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. त्यामुळे लिहिण्यात चुका सापडतील. रागात सापडणार नाहीत.

दाजी तरुणपणी सिकंदराबादेत एका हॉटेलात वाढपी होते. तिथे रोज संध्याकाळी इंग्रजी बँड वाजायचा. तो ऐकता ऐकता यांनी वाढपीपण सोडलं आणि गावी परतले ते लाल रंगाची इलेक्ट्रिक गिटार घेऊन. चौघांना जमवून रॉक बँड काढला, नाव ठेवलं 'द थंडर बॉईज'. पेंटरने ढोलावर रंगवलं 'द थंडा बॉईज'. लग्नाच्या मांडवात वऱ्हाडी यांच्याकडेच येऊन विचारायचे, लिंबू सोडा हाय का. दुसऱ्या कोणी ते अक्षर पुसून घेतलं असतं. दाजी म्हणाले, "ज्यानं चूक केली त्यानंच पुसावं." पेंटर पुसेना, दाजी त्याच्याशी बोलेनात, आणि बँड शेवटपर्यंत थंडाच राहिला. त्यात गिटार विजेवर चालणारी. गाण्याच्या मध्येच वीज गेली की दाजी तारेवर बोट तसंच ठेवून उभे राहायचे. एकदा नवरीच्या बापाने हात जोडले, "मास्तर, तवर सनई वाजू द्या की." दाजी म्हणाले, "गाणं अर्धं हाय. करंट येस्तोवर कोणी हलायचं न्हाई." नवरानवरी उपाशी बसून राहिले. मी त्या मांडवात होते. मला लाजेने तोंड लपवायला जागा सापडेना.

एके दिवशी मी अंगणात भांडी घासत गात होते. आईचं गाणं, 'काहून गं माय, थांबली बांधाला'. दाजी दारात उभे राहून शेवटपर्यंत ऐकत राहिले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी बँड मोडला. म्हणाले, "आता म्या वाजवणार न्हाई. वाजवून घेणार." रबरी शिक्का करून आणला, त्यावर 'रेकॉर्ड प्रोड्यूसर, वसमत'. अक्का कपाळाला हात लावून बसली. मी मात्र आतून फुलून गेले होते, खोटं कशाला सांगू. पाचवी नापास पोरीची रेकॉर्ड निघणार म्हणजे काय थोडं आहे का?

मुंबईत गाद्या लावलेल्या भिंतींची खोली, समोर माइक, काचेपलीकडे दाजी. रेकॉर्डिंग करणारे गृहस्थ फार सभ्य. म्हणाले, "ताई, ते 'काहून' काढा. 'का गं माय' म्हणा. इकडे कळणार नाही लोकांना." एवढी शिकलेली माणसं माझ्यासाठी खोळंबलेली. मी म्हटलं 'का गं माय'. एका दमात गायले. पेटीवाले मास्तर 'वा' म्हणाले. तेवढ्यात दाजी दार उघडून आले.

"हे कोण गाऊन राहिलं?"

"मीच की, दाजी."

"तू न्हाई. दुसरीच कोणी बाई हाय. आमाला ती नको." मग त्या गृहस्थांना म्हणाले, "पुसून टाका."

"अहो, तुमची वेळ संपली. छान झालंय."

"संपू द्या. पुसा."

माझ्या डोळ्यांदेखत पुसलं. येताना मी गाडीत म्हटलं, "आवाज माझा होता. विचारायचं तरी." तर म्हणतात, "घाबरून गायली तू पोरी." अरे, मग घाबरू नये की काय माणसाने? भीती माझी, गळा माझा, आणि निकाल यांचा. जिनिंगमधल्या बायांनी मला सोडलं नाही. "आल्या बघा मुंबईच्या बाई. रेकॉर्ड कुठं हाय, ओटीत का?" तीन महिने मी दाजींना पाण्याचा तांब्यासुद्धा दिला नाही. अक्का म्हणाली, "बोल ना गं त्यायच्याशी." मी तडकून म्हटलं, "काहून बोलू?"

आतून दाजींचा आवाज आला, "हां. बराबर. असंच गायचं."

पुन्हा मुंबईला निघालो तेव्हा खुंटीवर गिटार नव्हती. मी विचारलं, तर म्हणाले, "वजन फार व्हतं तिचं." मुंबईत रेकॉर्डिंगचे पैसे मात्र त्यांनी आधीच रोख मोजले. या खेपेला मी डोळे मिटून 'काहून' म्हटलं. रेकॉर्ड निघाली. खोकं उघडलं तर प्रत्येक तबकडीच्या मधल्या कागदावर छापलेलं, 'का गं माय'. कंपनीने आपल्या मनाने शुद्ध केलं होतं. मला वाटलं, आता हा माणूस खोकं परत पाठवणार आणि माझं नशीब पुन्हा पुसणार. पण दाजी निळं पेन घेऊन ओट्यावर बसले. एकेक तबकडी मांडीवर घ्यायची, छापलेलं खोडायचं, वर 'काहून' लिहायचं. दोन दिवस ते तेवढंच करत होते. अक्काने जेवायला हाक मारली तर हातानेच थांब म्हणाले.

पुढे माझं लग्न झालं. नवरा सुरतेच्या कापड गिरणीत. मी निघाले त्या दिवशी दाजी निरोपाला आले नाहीत. वारंगा फाट्याला काम आहे म्हणून पहाटेच गेले होते. मला भयंकर राग आला. सुरतेच्या रेल्वेसाठी धरलेली अकोल्याची एस.टी. फाट्यावर थांबली, तर चहाच्या टपरीवर माझंच गाणं वाजत होतं. पुढच्या सीटवरची बाई शेजारणीला म्हणाली, "कोण बाई हाय वं ही? आपल्यावानीच बोलून राहिली."

मीच ती, असं सांगायचं सोडून मी खिडकीतून वाकून बघितलं. टपरीत दाजी रस्त्याकडे पाठ करून उभे होते. एक ट्रक ड्रायव्हर सिनेमाचं गाणं लावा म्हणून हटून बसला होता आणि दाजी वाजत्या तबकडीसमोर हात आडवा धरून त्याच्याशी भांडत होते. खिडकीतून हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पण त्यांनी वळून बघितलं असतं, आणि तेवढ्यात त्या ड्रायव्हरने सुई उचलली असती.