लघाटे मास्साबांचा निकाल

जुलैत शाळा उघडली की लघाटे मास्साब पहिलीच्या नव्या मुलांना पाटीवर 'अ' काढायला आणि स्वतःचं नाव सांगायला लावत आणि दुपारच्या सुट्टीआधी निवड करून मोकळे होत. "हा शिकेल. ही शिकेल. हा नाही." न शिकणारी मुलं मागच्या भिंतीशी बसत. मास्साब त्यांना कधी मारत नसत, रागावतही नसत. त्यांच्याशी ते बोलतच नसत.

मऊरानीपूरच्या पलीकडच्या त्या खेड्यात मी झाशीहून मदतनीस शिक्षिका म्हणून गेले, तेव्हा एकोणीस वर्षांची होते. गावात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. मास्साब मला लेकीसारखं वागवत, घरच्या लोणच्याची बरणी आणून देत. भिंतीशी बसलेल्या मुलांबद्दल मी विचारलं, तर शांतपणे म्हणाले, "बाई, पाच वर्ग, एक खोली आणि इतकी वर्षं मी एकटा. सगळ्यांना ओढत बसलो असतो, तर एकही पार झाला नसता." पुढे बसणारी त्यांची मुलं पाचवीच्या परीक्षेत तहसिलीत वर येत. गाव त्यांना देव मानायचं.

त्या भिंतीशी कुंती नावाची गुराख्याची मुलगी पाच वर्षं बसली होती. पहिल्या दिवशी तिला स्वतःचं नाव सांगता आलं नव्हतं. ती अडखळत बोलायची. एकदा सुट्टीत ती निंबाखाली पाचवीचं पुस्तक वाचताना मला सापडली. पाचही वर्ग एकाच खोलीत. मागे बसून ऐकता ऐकताच ती शिकली होती. पुढचे दोन महिने मी तिला रोज सुट्टीत शिकवलं. माझ्यापाशी ती हळू, पण बिनचूक वाचायची.

परीक्षेचे फॉर्म भरायची वेळ आली, तेव्हा मी मास्साबांना सांगितलं. त्यांनी कुंतीला साऱ्या शाळेसमोर उभं केलं.

"पढ़ो."

पहिलाच शब्द 'कमल' होता. ती 'क'वरच अडकली. मुलं हसू लागली. मास्साबांनी त्यांना गप्प केलं नाही. हातातल्या घड्याळाकडे बघत ते थांबून राहिले. कुंतीच्या पायाखालची जमीन ओली झाली, तेव्हा म्हणाले, "बैठ जाओ," आणि हजेरीपटातल्या तिच्या नावावर रेघ ओढली.

"मास्साब, तिला येतं. एकटीला बोलावून ऐका ना," मी म्हटलं.

"मलाही ठाऊक आहे येतं ते," ते मराठीत म्हणाले. "तोंडी परीक्षेत परीक्षक थांबणार आहे का? शाळेचा निकाल बुडेल. आणि बाई, तुम्हाला कायम करायचा कागद माझ्याच सहीने जायचाय."

मी बाकीच्या मुलांचे फॉर्म भरायला घेतले. त्या वर्षी शाळेचा निकाल शंभर टक्के लागला आणि मी कायम झाले. कुंती पुन्हा शाळेत आली नाही. दोन वर्षांत तिचं लग्न झालं.

मास्साब निवृत्त झाले, तेव्हा सारं गाव जमलं. मी हारांचं ताट धरून त्यांच्या शेजारी उभी होते. कुंतीचा बाप पुढे आला आणि मास्साबांच्या पायांवर डोकं ठेवून पोरीबद्दल म्हणाला, "आपने तो खूब कोसिस करी, मास्साब. हमाई मोड़ी के भाग में विद्या नईं हती."

मास्साबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "होता है, भैया."

मग तो माझ्याही पाया पडला.