वडगावच्या गल्लीत आलेला वास

माझा धंदा डॉक्टरीचा. निपाणीत माझा दवाखाना आहे आणि अंगात आलेल्या बाईला मी आधी थर्मामीटर लावतो, मग बाकीचं विचारतो. भानामती, चकवा, मूठ — असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता, आजही फारसा नाही. त्यामुळे गूढ अनुभवांच्या या सदरात माझा मजकूर बघून मित्रमंडळी हसतील. हसू देत. घडलं ते मी सांगणार आहे.

आधी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. मला वास येत नाही. पुण्यात मेडिकल स्कूलला असताना इन्फ्लुएंझाच्या मोठ्या साथीत मी मरता मरता वाचलो, आणि अंथरुणातून उठलो तेव्हा नाक गेलेलं होतं. म्हणजे नाक जागेवर होतं, पण वास गेला. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत शिरलो की मला शिंका येतात, डोळ्यांत पाणी येतं, पण तंबाखूचा वास मात्र शून्य. फोडणी जळली तरी बायकोने सांगितल्यावर कळतं. सवय झाली होती.

आता प्रसंग. दुसऱ्या महायुद्धाच्या बऱ्याच आधीची गोष्ट. निपाणीतले तंबाखूचे व्यापारी बाबूआप्पा माझे पेशंट. जुना मधुमेह, त्यात पाठीवर काळपुळी उठलेली. ती कापायला हवी होती, पण साखर एवढी होती की जखम भरणारच नाही म्हणून सर्जन हात लावायला तयार नव्हते. इन्सुलिन हा एकच उपाय. त्याबद्दल मी मासिकांत इतकं वाचलं होतं की पाठ झालं होतं... पण बाटली कधी हातात घेतली नव्हती. आमच्या भागात ती कुणी पाहिलीही नव्हती. बाबूआप्पांनी मुंबईहून मागवली आणि ती आणायला मी स्वतः बेळगाव स्टेशनवर गेलो.

पार्सल तिथंच बाकावर बसून उघडलं. लहानशी बाटली, आत पाण्यासारखं औषध. मेडिकल स्कूलला मधुमेहाची मुलं मी डोळ्यांदेखत वाळून मरताना बघितली होती. आम्ही त्यांना उपाशी ठेवायचो, म्हणजे आणखी चार दिवस जगतील. आणि आता त्यावरचं उत्तर माझ्या मांडीवर होतं. बर्फ भरलेला थर्मास बरोबर आणला होता, त्यात बाटली जपून ठेवली.

निपाणीची मोटार दुपारनंतर होती. बायकोने शहापुरी साडी सांगितली होती, म्हणून टांगा करून बेळगावलगतच्या वडगावला, विणकरांच्या वस्तीत गेलो. ऊन चढलेलं, दोन्ही बाजूंच्या घरांतून हातमागांची खटखट चाललेली. ओळखीच्या विणकराचं घर शोधत मी गल्लीतून निघालो — आणि थांबलो.

वास आला.

पिकून काळ्या पडलेल्या केळ्यांचा गोडसर, जड वास. कित्येक वर्षांनी. मी भररस्त्यात उभा राहून लहान पोरासारखा श्वास ओढत राहिलो. नाक परत आलं, असंच वाटलं. लगेच बॅग उघडली, स्पिरिटची बाटली नाकाशी धरली. काही नाही. बाजूला गोठा होता, तिथं जाऊन उभा राहिलो. काही नाही. पुन्हा रस्त्यात आलो की तो केळ्यांचा वास हजर.

आसपास केळ्याचं दुकान नव्हतं, गाडी नव्हती. एका विणकराला विचारलं, "इथं कुठं केळी पिकायला ठेवलीत काय हो?"

तो नाक वर करून म्हणाला, "न्हाय बा. मला तर खळीचाच वास येतोय." खळ म्हणजे सुताला लावतात ती पेज.

मग डोक्यात लख्ख उजेड पडला. मधुमेह हाताबाहेर गेला की रोग्याच्या श्वासाला अतिपिकल्या फळासारखा वास येतो, हे आम्हाला शिकवलेलं. मला तो ओळखता येत नसे म्हणून परीक्षेत मी शेजारच्या मुलाला विचारत असे. पण तो वास रोग्याच्या तोंडाशी वाकल्यावर येतो... गल्लीत नाही.

तरी मी निघालो. एका बोळात शिरलो तर वास कमी झाला, मागे फिरलो. डावीकडे वळलो तर वाढला. देवळामागून, विहिरीला वळसा घालून, मी जवळजवळ धावतच होतो. शेवटी एका घरापुढे तो इतका दाटला की नाकाला रुमाल लावावा लागला. आजूबाजूला सगळीकडे माग चालू होते, त्या घरातला मात्र बंद होता.

मी उंबरा ओलांडला आणि वास तुटला. दिवा फुंकावा तसा.

आत एक तेरा-चौदा वर्षांची मुलगी वाकळेवर पडली होती. हाडांचा सापळा. श्वास खोल, मोठा, भात्यासारखा. उशाशी तिची आई काशीआक्का आणि भिंतीला टेकून बाप दत्तूअण्णा बसले होते. अनोळखी माणूस आत घुसलेला बघून अण्णा उठले.

"कोन पायजे?"

"मी डॉक्टर आहे, निपाणीचा. हिला लई तहान लागती काय?"

दोघं एकमेकांकडे बघायला लागली. काशीआक्का म्हणाली, "घागर घागर पानी पितीया. खाती बी लई, तरी वाळत चाललीया. कालधरनं हाक मारली तर डोळं उघडंना. सगळी म्हनत्यात बाहेरचं हाय. पर तुमास्नी कुनी सांगितलं?"

मी वाकून मुलीच्या तोंडाशी नाक नेलं. काहीच वास नाही. मी विचारलं, "तोंडाला वास येतो काय?"

"येतोय की," आक्का म्हणाली. "केळी नासल्यागत. चार दिस झालं."

विचार करत बसायला वेळ नव्हता. त्याच सकाळी बेळगावात लघवी तपासायचं निळं औषध घेतलेलं होतं. चंद्राची — मुलीचं नाव चंद्रा — लघवी परीक्षानळीत घालून स्पिरिटच्या दिव्यावर उकळली. निळं होतं ते हिरवं झालं, पिवळं झालं, आणि बघता बघता विटेसारखं लाल, म्हणजे साखर पुरेपूर.

आता खरा पेच. बाटली बाबूआप्पांची. त्यांच्याही जिवाचा प्रश्न होता. आणि ही मुलगी संध्याकाळपर्यंत टिकेल असं वाटत नव्हतं. मी थर्मास उघडला. आयुष्यातलं पहिलं इन्सुलिन मी चंद्राला टोचलं.

अण्णांना मोटारस्टँडवर पिटाळलं. त्यांच्याकरवी निपाणीच्या मोटारीच्या ड्रायव्हरला तोंडी निरोप दिला: बाबूआप्पांना सांगा, तुमचं औषध एका मरणाऱ्या पोरीला देतोय, डॉक्टर येत नाहीत. मग मिठाचं पाणी चमच्या-चमच्याने तिच्या गालात सोडत बसलो. पुन्हा तपासणी, पुन्हा इंजेक्शन. नळीतला लाल रंग हळूहळू पिवळ्यावर आला. दिवेलागणीच्या आधी तिच्या श्वासाचा भाता मंदावला. मी आनंदाने आक्काचा हात धरून म्हणालो, "बघा, बघा, श्वास बघा." त्या बिचारीला त्यातलं काय कळणार, पण माझ्या तोंडाकडे बघून ती रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्राने डोळे उघडले. छताकडे बघत राहिली, मग म्हणाली, "आये, माग का बंद हाय?"

दत्तूअण्णा उठले आणि मागावर जाऊन बसले. पण त्यांना विणता येईना. नुसतेच बसून राहिले.

दुपारच्या मोटारीने बाबूआप्पांचा मुनीम निरोप घेऊन आला. मी धास्तावलो होतो. मुनीम म्हणाला, "आप्पा म्हनाले, पोरीला लागंल तेवढं द्या. मी मुंबईला दुसऱ्या बाटलीची तार केलीया. पर त्यांनी एक इचारून यायला सांगितलंय... त्या औषधानं पोरगी खरंच उठली काय?"

मी त्याला आत नेलं. चंद्रा उशीला टेकून ताक पीत होती. मुनीम तिच्याकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, "ह्ये सांगितल्यावर आप्पा निम्मं बरं हुतील."

झालंही तसंच. दुसरी बाटली आली, काळपुळी कापली, जखम भरली. त्यानंतर आप्पांच्या पार्सलबरोबर चंद्राचंही औषध येऊ लागलं. बाबूआप्पा गेले ते पुढं बऱ्याच वर्षांनी, म्हातारपणाने.

मी मात्र गप्प बसू शकलो नाही. मुंबईला गेलो असता नाकाच्या एका मोठ्या तज्ज्ञांना गाठलं. त्यांनी डोळे बांधून कापूर, लवंग, हिंग, रॉकेल — सगळं नाकाशी धरून बघितलं. म्हणाले, "डॉक्टर, तुमची वासाची नस पूर्ण मेलेली आहे. तुम्हाला भास झाला असणार."

"भास झाला असेल," मी म्हणालो, "पण त्या भासाला पत्ता कसा माहीत?"

त्यांनी टॉवेलला हात पुसले आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

कुणी म्हणतात, चंद्राच्या आजाराबद्दल मी टांग्यात काहीतरी ऐकलं असेन आणि विसरलो असेन. मी आठवून आठवून थकलो, टांगेवाला सारा रस्ता त्याच्या घोड्याबद्दलच बोलत होता. कुणी देवाचं नाव घेतात. मी मान हलवतो आणि विषय बदलतो.

चंद्रा आता बापाचा माग चालवते. सकाळी सुई उकळून स्वतःच टोचून घेते आणि कामाला बसते. मध्ये तिला विचारलं, "तुला त्या दिवसातलं काही आठवतं का गं?"

"न्हाय," ती म्हणाली, मागाच्या धोट्यावरची नजर न काढता. "तुमीच सांगा की. तुमी आलता कसं?"