ड्रम थांबायची वेळ

घरात मी भित्रा म्हणून प्रसिद्ध आहे. दाराला कडी लावून पुन्हा जाऊन पाहतो, इस्त्रीचा प्लग काढला की नाही ते दोनदा बघतो. ताई हसते, "वायरमन अन् करंटले भेते!" मी म्हणतो, भितो म्हणूनच माझी दहाही बोटं शाबूत आहेत.

ताई उमरेड रोडवरच्या एका शेडमध्ये ताण्याच्या, म्हणजे कापडाचे उभे धागे गुंडाळायच्या मशीनवर असते. आमच्या घरचे हातमाग कधीच गेले, तिच्या बोटांतलं काम मात्र राहिलं. शेकडो धागे एका मोठ्या ड्रमवर गुंडाळले जातात. धागा तुटला की ती पायानं पेडल दाबते, नजर धाग्यावरच ठेवून मनात तीन मोजते आणि थांबलेल्या ड्रमवर हात घालते. ड्रम थांबला का, हे ती बघतच नाही. इतक्या वर्षांत तशी गरजच पडली नाही.

एक दिवस सकाळी शेडच्या मालकाचा फोन आला, थांबवायला गेलं की मशीन ट्रिप होते, आपोआप बंद पडते. मोटरचा वेग सांभाळणारा ड्राइव्ह मीच बसवलेला. उघडून पाहिलं तर ब्रेकचा रेझिस्टर जळून काळा झालेला. जड ड्रम झटकन थांबवताना मोटर उलटी वीज तयार करते, ती या रेझिस्टरमध्ये तापून जिरते. आता तिला जायला जागा नव्हती, म्हणून ड्राइव्ह स्वतःला वाचवायला बंद पडत होता. नवा रेझिस्टर यायला चार दिवस, आणि मालकाला ऑर्डरची घाई. मी ड्राइव्हमधली ड्रम थांबायची वेळ तीन सेकंदांवरून पंधरा केली. हळू थांबवलं की ट्रिप होत नाही. मालकाला तसं सांगितलं, तो "चालते" म्हणाला. ताई मागच्या खोलीत सुताचे कोन, म्हणजे मोठी रिळं, लावत होती. मी निघून आलो.

दुपारी शहराच्या दुसऱ्या टोकाला, वाडीतल्या एका गोदामात कामावर असताना डबा उघडला, आणि पहिल्याच घासाला मला तिचं ते तीन मोजणं आठवलं. आता तीन मोजून झाले तरी ड्रम फिरतच असणार होता. ताईचा फोन कामाच्या वेळी पिशवीत असतो. मालकाला लावला तर म्हणाला, "मी बाहेर आहो गा, गेल्यावर सांगतो तिले." जेवणाची सुट्टी संपली की ताणा सुरू होणार होता.

अर्धं शहर ओलांडून गाडी कशी नेली, मला आठवत नाही. प्रत्येक सिग्नलला तिचीच बोटं दिसत होती, धाग्यात गुंतून ड्रमखाली ओढली जाणारी.

शेडमध्ये शिरलो तर ड्रम फिरत होता. हाक मारावी तर ती दचकेल, हात कुठे जाईल सांगता येत नाही. मेन स्विच पाडावा तर ड्रम मोकळा सुटेल आणि आणखीच वेळ फिरत राहील. वीज बंद करायची भीती मला जन्मात पहिल्यांदा वाटली. तिच्यापर्यंत दोन पावलं राहिली आणि धागा तुटला. तिचा पाय पेडलवर गेला. हात उचलला गेला, तेवढ्यात मी झेप घेऊन मनगट पकडलं.

"अरे, काय करून राहिला?" ती ओरडली.

मी मानेनंच ड्रमकडे खूण केली. तिनं पहिल्यांदाच तिकडे पाहिलं. तो फिरतच होता, बराच वेळ.

तो थांबल्यावर मी सगळं सांगितलं. ती मनगट चोळत ऐकत होती.

"मालकाले सांगितलं होतं मी," मी म्हणालो.

"हात काय मालकाचा जात होता गा?"