अंगाला न टेकणारा बर्फ

मुरली गेल्याचा फोन आला तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला तो, "आपण कोण बोलताय?" पलीकडच्या बाईंनी नाव सांगितलं. तो ज्या रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहात एकोणीस वर्षं काम करत होता तिथूनच बोलतेय म्हणाल्या. कामावर येताना रिक्षातच छातीत कळ आली, उतरवून घेईपर्यंत सगळं संपलं होतं, हेही त्यांनी सांगितलं. मी फोन ठेवला आणि धाकट्या भावासाठी रडायच्या आधी, बातमी खरी आहे का हे विचारायला त्याच्याच मुलीला फोन लावला. तिच्या रडण्यावरून माझी खात्री पटली... हे लिहायला लाज वाटते. पण त्याला जाऊन दीड महिना झाला, आणि मुरलीबद्दल काही खरं लिहायचं तर ते माझ्या या सवयीपासूनच सुरू करावं लागेल.

कळमनुरीत मी तेहेतीस वर्षं शाळेत शिकवलं. मॅडमच्या पाठीलाही डोळे आहेत असं मुलं म्हणत, आणि मला ते ऐकून बरं वाटे. दूधवाल्याचं माप, भाजीवालीचा काटा, नवऱ्याचं "आलोच पाच मिनिटांत", यातलं काहीही मी तपासल्याशिवाय मानलं नाही. मुरली माझ्याहून आठ वर्षांनी लहान. त्याचं काम काय ते गावात कुणालाच नीट कळत नसे. किडनीशी संबंध आहे एवढं मात्र कळलं होतं, म्हणून त्याचं नावच 'किडनीवाला' पडलं. त्याच्याकडे मुक्कामाला जाताय तर कुशीवर हात ठेवून झोपा, अशी थट्टा चाले. तो हसायचा. मीही हसायचे, पण एवढ्या मोलाच्या वस्तूला रोज हात लावणाऱ्या माणसाला खरंच काही मोह होत नसेल का, हा किडा माझ्या डोक्यात तेव्हापासूनच होता.

एकदा माझ्या स्वयंपाकघरात त्याने ते काम मला भरताचं वांगं घेऊन दाखवलं होतं. मेलेल्या माणसाची किडनी काढली की थंडगार औषधी पाण्याने ती आतून धुवायची, रक्त जाऊन निवळ पाणी येईपर्यंत. मग टेबलावर बर्फाच्या थंडाव्यातच ठेवून डॉक्टर तिच्यावरची चरबी सोडवतात, बारीक बारीक फाटे दोऱ्याने बांधतात, मोठी रक्तवाहिनी शिवायला तयार करतात. मुरली शेजारी उभा राहून हे सगळं हातात देणारा, थंडावा राखणारा. वांगं त्याने एका पिशवीत घातलं, ती दुसरीत, दुसरी तिसरीत, मधे पाणी, आणि मगच बर्फाच्या पातेल्यात ठेवलं. एवढ्या पिशव्या कशाला, मी विचारलं. "बर्फ जवळ पाहिजे अक्का, पण अंगाला टेकला न्हाई पाहिजे," तो म्हणाला. "टेकला की जागच्या जागी जळून जाते." त्या दिवशीच्या भरताला मात्र कुणी हात लावला नाही.

पुढे आमच्या ह्यांच्याच किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा हिंगोलीला डायलिसिस सुरू झालं. मला रक्तदाब, मुरलीला साखर, त्यामुळे आमची दोघांचीही किडनी चालेना, म्हणून ह्यांचं नाव मुरलीच्याच रुग्णालयातल्या यादीत लागलं. ह्यांना पाणी मोजून प्यावं लागे आणि उन्हाळ्यात घशाला कोरड पडे. मुरली महिन्यातून एकदा रविवारी यायचा. त्याने एका स्टीलच्या पेल्यावर खूण केली होती. त्या खुणेइतकं पाणी तो बर्फाच्या ट्रेमध्ये ओतायचा, चण्याएवढे खडे करायचा आणि फडक्यात धरून दाजींना चघळायला द्यायचा. तेवढ्याने ह्यांचा चेहरा निवळायचा.

मग तो दिवस आला. सकाळी दहाच्या सुमाराला अनोळखी नंबरवरून फोन. एक बाई म्हणाली, किडनी आली आहे, यादीत तुम्ही पहिले आहात, काही खाऊ नका, कागदपत्रं घेऊन ताबडतोब निघा, आधारचा नंबर सांगा. आधारचं नाव निघालं आणि माझे कान टवकारले. आमच्या शेजारणीला असंच गोड बोलून कुणीतरी फसवलं होतं. मी फोन कापला. मुरलीला लावला तर बंद. तीन वेळा लावला. भाऊ तिथेच कामाला आणि तो काहीच बोलत नाही, म्हणजे हे खोटंच, असा हिशेब मी मांडला. ती बाई पुन्हा पुन्हा फोन करत राहिली आणि मी तो उचललाच नाही. हे म्हणाले, "अगं, एकदा बघून तर घे." मी म्हटलं, मी बघते आहे. एक वाजता मुरलीचाच फोन आला, "अक्का, काहून निघाला न्हाई अजून?" तो सकाळपासून शस्त्रक्रियागृहात होता आणि फोन बाहेर कपाटात... आम्ही गाडी करून निघालो. पाच तासांचा रस्ता.

पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. ह्यांना लगेच आत नेलं, मी कागदपत्रं घेऊन बाहेर खिडकीशी थांबले. थोड्या वेळाने मुरली हिरव्या कपड्यांत बाहेर आला आणि आज ऑपरेशन होणार नाही म्हणाला. उशीर झाला म्हणून का रे, मी विचारलं. "न्हाई अक्का, उशिराचा काही संबंध न्हाई. किडनीच खराब निघाली." हे बोलताना तो आपल्या चपलांकडे बघत होता. तेहेतीस वर्षं कॉपी पकडलेल्या बाईला ती नजर कळते. आणि त्याच वेळी व्हरांड्याच्या टोकाकडून एक म्हातारा आला, त्याने मुरलीचे दोन्ही हात धरले आणि ढसाढसा रडू लागला. लेकराला जीवदान दिलंत म्हणाला. किडनी खराब, मग जीवदान कसलं? मी सगळ्यांदेखत म्हटलं, "तू विकलीस." मुरली एवढंच बोलला, "दाजी सकाळपासून उपाशी आहेत. आधी त्यांना काही खाऊ घाल."

दीड वर्षाने हे गेले. शेवटपर्यंत मुरली दर महिन्याला येत राहिला. मी त्याच्याशी बोलत नसे, चहा त्याच्यासमोर आदळत असे. तो ह्यांच्याजवळ बसे आणि निघताना पेल्याने मोजून ट्रे भरून ठेवी. तो गेला की मी त्यातला एक खडा चाखून बघत असे, याने पाण्यात काही कालवलं तर नाही ना म्हणून. ह्यांनी ते एकदा पाहिलं आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

मुरलीच्या तेराव्याला त्याच्याबरोबर काम करणाऱ्या नसरीन सिस्टर आल्या होत्या, मूळच्या वसमतच्या. मी कोण हे कळल्यावर माझा हात धरून म्हणाल्या, "त्या दिवशी मुरलीभाऊ किती तुमची वाट बघून राहिले होते मॅडम. ती किडनी दुसऱ्या गावाहून आलेली, निम्मे तास रस्त्यातच गेलेले. त्यात रक्ताची जुळणी करायची म्हणजे आणखी वेळ. डॉक्टर म्हणे, आता दुसऱ्या पेशंटला घेऊ. भाऊ दर थोड्या वेळाने बर्फ बदलून राहिले आणि म्हणून राहिले, अर्धा तास सर, अजून अर्धा तास." त्यांना वाटलं, मला हे ठाऊकच असेल. मी विचारलं, मग मला खराब निघाली असं का सांगितलं? सिस्टर गोंधळल्या. मग हळूच म्हणाल्या, "तसं सरांनीच सांगितलं होतं ना. म्हणजे तुमच्या मिस्टरांनी. त्यांना आत घेतलं तेव्हा मी तिथंच होते. म्हणाले, तिला उशिराचं सांगू नको मुरली, ती मनाला लावून घेईल. तुझ्यावर रागावू दे, ते बरं."

म्हणजे ह्यांना ठाऊक होतं. दोघांनाही ठाऊक होतं. माझा संशय बरोबरच होता, मुरली खोटं बोलला होता. मी फक्त कशासाठी ते तपासलं नाही. पंक्ती उठत होत्या, आणि मी त्याच्या फोटोसमोर जाऊन उभी राहिले. अरे, एकदा तरी उलटून बोलायचं होतंस, एवढंच मनात येत राहिलं. तो बोलला नसताच. दीड वर्ष तो माझ्या घरात येऊन माझ्या इतका जवळ बसला, आणि ते सत्य त्याने माझ्या अंगाला टेकू दिलं नाही.

घरी परतल्यावर मी फ्रीज उघडला. ह्यांच्यानंतर मी तो ट्रे तसाच मागे सारून दिला होता. खडे झिजून तुरीच्या दाण्याएवढे उरले होते. एक तळहातावर घेतला तर चटका बसला. मग पदराचं टोक मधे धरलं, त्याने दाखवलं होतं तसं, आणि पूर्ण विरघळेपर्यंत तो धरून ठेवला. नंतर फळीवरचा तो पेला काढला, त्याने केलेल्या खुणेपर्यंत पाणी घेतलं आणि ट्रे भरून ठेवला. या वेळी चाखून पाहिलं नाही.