लाल दोऱ्याची खूण

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून जाणारा माणूस. जन्मभर गणित शिकवलं, त्यामुळे जे मांडता येत नाही ते मानायचं नाही, ही खोडच लागली... तरीही हे लिहितोय, कारण ऐकायला आता घरात कुणी उरलेलं नाही.

गोष्ट निजामाच्या राजवटीतली, परतूरची. मी शाळेत मास्तर. जुगराजशेठ धान्याचे व्यापारी – घराणं मारवाडचं, पण बोलणं माझ्याहून अस्सल परतुरी. या माणसाने मुंबईच्या भंगारातून जहाजाच्या खिडकीची जाड काच आणवली, वर्षभर घासली आणि घराच्या माळवदावर दहा इंची आरशाचा टेलिस्कोप उभा केला. अख्खा बाजार हसायचा. वर जाणारे आम्ही दोघंच.

शेठना जाड भिंगांचा चष्मा होता. तो काढून ते पाहायचे, म्हणून डोळा लावायची नळी त्यांना दोन ज्वारीच्या दाण्यांएवढी जास्त आत लागे. तेवढ्यावर त्यांनी नळीला लाल दोरा बांधला होता. दोरा टेलिस्कोपच्या कडेला टेकला की त्यांचा फोकस बरोबर. मला मात्र त्या फोकसवर साधा तारासुद्धा पिंजलेल्या कापसासारखा दिसे, मग मी कुरकुरत नळी बाहेर ओढायचो.

देवयानी तारकासमूहात एक फार फिकट दीर्घिका आहे, ताटली कडेने बघावी तशी दिसणारी. मला नुसता धूसर पट्टा दिसे. एका हिवाळ्यात शेठ ओरडले,

"मास्तर, मधातून काळी रेघ गेली! बिलकुल साफ दिसून राह्यली!"

मी नळी ओढून पाहिलं. रेघबिघ काही नव्हती.

त्यांनी वहीत चित्र काढलं आणि साक्षीदाराच्या रकान्यावर बोट ठेवलं. "करा की सही. घरचेबी मला खरं धरत न्हाईत."

"शेठ, तुमच्या असल्या डोळ्यांच्या भरवशावर मी सही करू?"

शेठ वही मिटून खाली गेले.

उन्हाळ्यात तापाने शेठ वारले.

पुढच्या मार्गशीर्षात त्यांच्या पत्नीचा निरोप आला. "मास्तर, वर येत जा. माळवदावर पावलं वाजली म्हंजे घरात कुणी हाय असं वाटतं."

गेलो. दिवेलागण होऊन तासभर झाला असेल. नळी माझ्या फोकसला लावली. तोच धूसर पट्टा. शेजारी त्यांचं स्टूल रिकामं... इतकं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं. डोळे पुसले आणि पुन्हा पाहिलं –

काळी रेघ! मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

सवयीने मी बाजूला सरकलो. "या शेठ, बघा," असं म्हणूनही गेलो. मग अंधारात नळी चाचपली. दोरा कडेला टेकलेला होता.

नळी सैल होती, घसरली असेल, कबूल. पण त्यांच्या फोकसवर माझ्या डोळ्याला स्वच्छ दिसलं कसं? दुसऱ्या संध्याकाळी दोऱ्यापर्यंत नळी दाबून पाहिली. पिंजलेला कापूस! नंतर कित्येक हिवाळे पाहिलं. ती रेघ मला परत दिसली नाही.

रेघ दिसली त्या संध्याकाळी खाली येऊन मी वही मागितली. वहिनींनी कंदील धरला. "दिसलं का काही?"

"शेठना दिसलं होतं तेच," म्हणालो आणि सही केली. वहिनी किती तरी वेळ त्या सहीकडे बघत राहिल्या.

वही आज माझ्याकडे आहे. त्या संध्याकाळी काय झालं, ते मला अजून मांडता आलेलं नाही. सहीला वर्षभर उशीर का झाला, ते मात्र मला पक्कं ठाऊक आहे.