सूचक कोण?

बीड जिल्ह्यात बाप पुष्कळ झाले. पण कलमांप्रमाणे बाप झालेला माणूस एकच, तो म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान. सिरसाळ्याजवळच्या एका गावात दूध सोसायटीचे ते सचिव. दुष्काळात जनावरं छावणीत गेली, दूध आटलं, पण यांचं ठरावांचं रजिस्टर काही आटलं नाही. लेकीच्या नावावर थोडी जमीन होती आणि सातबाऱ्यावर तिच्या नावापुढं ‘अज्ञान पालनकर्ता’ म्हणून यांचं नाव. सरकारी भाषेत अठराच्या आतलं मूल अज्ञान, एवढाच त्याचा अर्थ. यांनी तो घरात लागू केला. “अज्ञान, चहा आण,” ते ओरडायचे. “पालनकर्ते, साखर न्हाई,” सुनंदा आतून सांगायची.

सतरा वर्षांच्या पोरीचं काहीही झालं तरी कायदा बापालाच धरणार, ही त्यांची पक्की समजूत. टँकर आला की सुनंदा घागर घेऊन रांगेत आणि हे तिच्या मागं, कुणाला धक्का लागलाच तर जबाब द्यायला हजर. तिला स्कूटीवर सिरसाळ्याला जायचं होतं. लायसन नाही म्हणून किल्ली यांनी करगोट्याला बांधली. पोरीनं तोंड फुगवलं तेव्हा म्हणाले, “ढकलत ने की. ढकलायला लायसन लागत न्हाई.” आणि तिनं खरंच नेली, अर्ध्या गावातून, बापाकडं बघत बघत.

आम्ही सगळे हसायचो. हसणं थांबलं ते यांच्या थोरल्या भावानं उमापूरकडचं स्थळ आणलं तेव्हा. विहिरीला पाणी, मुलगा एकुलता. सुनंदाची बारावीची परीक्षा तोंडावर होती आणि तिला अंबाजोगाईला नर्सिंगला जायचं होतं. पण अशा सालात पाण्याचं घर कोण सोडतं? माझ्या नणंदेनंसुद्धा पाहुण्यांसाठी पोहे भिजवले.

“चारच महिने कमी हायेत. कोण बघतंय बे?” थोरले पाहुण्यांसमोरच म्हणाले.

यांनी शांतपणे रजिस्टर उघडलं, तारीख टाकली आणि मोठ्यानं वाचत लिहिलं, “विषय एक. अज्ञान मुलीचं लग्न लावणे. सूचक कोण?”

थोरले खाकरले.

“सूचकाचं नाव लागतं, दादा. पुढं पोलिसांना लई उपयोगी पडतं. बरं, अनुमोदक? तुमी का, व्याही?”

वरपित्यानं पोह्यांची बशी खाली ठेवली. “आमी नुसतं बघायला आलतो.”

“हजर सभासद म्हणून सही करा मग. मंडपात हजर राहणाराबी गुन्ह्यात धरत्यात.”

पाहुण्यांची जीप वळायच्या आत यांनी लिहिलं, ‘सूचकाअभावी ठराव बारगळला.’ दाराआड मी आणि सुनंदा एकमेकींचं तोंड दाबून उभ्या होतो.

थोरले वर्षभर बोलले नाहीत. सुनंदा मात्र पास झाली, अठराची झाली. अंबाजोगाईला प्रवेशाला तिच्यासोबत तिचे वडील गेले आणि मीही. खिडकीशी यांनी पेनाचं टोपण काढून ठेवलं होतं. कारकून म्हणाला, “मुलगी सज्ञान हाय की. तिचीच सही चालंल.” तिनं यांच्याच हातातलं पेन घेतलं, सही केली आणि गडबडीत ते वसतिगृहात घेऊनही गेली.

परतीच्या एसटीत त्यांनी पेनाचा रिकामा खिसा चाचपला. मग म्हणाले, “वहिनी, सज्ञान पोरगी जेवली का न्हाई, हे विचारायचा अधिकार कोणत्या कलमात येतो?”

“कलम कशाला? फोन लावा.”

त्यांनी फोन काढला आणि परत खिशात ठेवला. “आत्ताच तर सोडलंय. तासभर जाऊ द्या,” म्हणाले.

परळी यायच्या आत त्यांनी चारदा घड्याळ पाहिलं.